गिरणीच्या सावलीतील घरे

‘टेरेस’ हा शब्द कानावर पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पापड-कुरडया वाळत घातलेली गच्ची उभी राहते. इंग्रज माणसाला मात्र या शब्दाने निराळीच वस्तू आठवते. रस्त्याच्या कडेने एका सरळ रेषेत उभी असलेली, एकमेकांना चिकटलेली, सारख्या दाराखिडक्यांची घरांची ओळ म्हणजे त्याच्या लेखी टेरेस. दोन घरांत मिळून एक भिंत, छपराची एकच अखंड उतरण आणि प्रत्येक सामाईक भिंतीच्या माथ्यावर धुराड्यांचा एक जुडगा, असा हा साधा प्रकार आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडमधील शहरे अफाट वाढली आणि ती मुख्यतः या ओळघरांनीच वाढली. त्या देशातील असंख्य कुटुंबे आजही अशाच घरांतून राहतात. त्यांतील काही ओळींना राष्ट्रीय ठेवा म्हणून कायद्याचे संरक्षण लाभले आहे. राजवाड्याला किंवा प्रार्थनामंदिराला असे संरक्षण मिळाले तर आश्चर्य वाटत नाही. परंतु लोकर पिंजणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या मजुरांच्या राहत्या घरांना ते का मिळावे, आणि मिळाल्यावर त्या घरांचे व त्यांत राहणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न गिरणगावाच्या चाळी डोळ्यांदेखत जमीनदोस्त होताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना अगदीच परका नाही.

यॉर्कशायर परगण्यात एअर नदीच्या काठी सॉल्टेअर नावाचे छोटेसे गाव आहे. सर टायटस सॉल्ट या गिरणीमालकाचे आडनाव आणि नदीचे नाव यांची सांधेजोड करून ते नाव बनले आहे. हे गाव हळूहळू वसले नाही. एका माणसाच्या इच्छेने, एका वास्तुशिल्पी संस्थेच्या आराखड्यानुसार आणि एकाच गिरणीसाठी ते उभारले गेले. ते का उभारावेसे वाटले हे समजण्यासाठी आधी तिथून तीन-चार मैलांवरच्या ब्रॅडफर्ड शहराकडे पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रॅडफर्ड ही सुमारे तेरा हजार वस्तीची बाजारपेठ होती. १८५१ च्या जनगणनेत तिची वस्ती एक लाखावर गेली. जगातील लोकरी वस्त्रांची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या या शहरावर शेकडो धुराड्यांचा धूर अहोरात्र पसरलेला असे. मजुरांसाठी बांधलेली घरे ‘पाठीला पाठ’ या प्रकारची होती. म्हणजे घराच्या तीन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, चौथ्या बाजूला एक दार आणि एक-दोन खिडक्या. समोरून आलेला वारा मागे जाण्यास वाटच नाही. सांडपाणी कालव्यात आणि पिण्याचे पाणीही बरेचसे तिथलेच. १८४९ च्या पटकीच्या साथीत ब्रॅडफर्डमध्ये चारशेहून अधिक माणसे दगावली. त्या साथीच्या आगेमागे शहराचे महापौरपद टायटस सॉल्ट यांच्याकडे होते. गिरण्यांच्या धुराला आळा घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण इतर गिरणीमालकांनी तो मनावर घेतला नाही. पेरूमधून येणाऱ्या अल्पाका या प्राण्याची लोकर कोणी विकत घ्यायला धजत नव्हते, तेव्हा तिच्यापासून रेशमासारखे चकाकणारे कापड काढून सॉल्ट यांनी अमाप पैसा मिळवला होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर जहागीर विकत घेऊन स्वस्थ बसण्याऐवजी त्यांनी शहरातील आपल्या विखुरलेल्या गिरण्या मोडून एकच प्रचंड गिरणी उघड्या माळावर, कालवा आणि लोहमार्ग यांच्या मधोमध बांधावयास घेतली. आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, २० सप्टेंबर १८५३ रोजी, त्यांनी तिचे उद्घाटन केले. गिरणीची इमारत ५४५ फूट लांब आहे आणि तिचे धुराडे इटलीतील घंटाघरासारखे सजवलेले होते. कामगार ब्रॅडफर्डहून आगगाडीने ये-जा करीत. पुढच्याच वर्षी घरांच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि १८६८ पर्यंत आठशेहून अधिक घरे उभी राहिली.

या घरांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म तिथेच आहे. लॉकवुड आणि मॉसन या ब्रॅडफर्डच्या वास्तुशिल्पींनी गिरणी, चर्च, शाळा आणि मजुरांची घरे या सर्वांसाठी एकच इटालियन धर्तीची शैली वापरली. भिंती त्याच परिसरातील मधाच्या रंगाच्या वालुकाश्माच्या. छपराला वेल्समधून आलेल्या पातळ, करड्या पाटीच्या फरशा. रस्ते काटकोनात आखलेले आणि फरसबंदीचे. मजुराच्या सामान्य घरात खाली पुढची राहती खोली, मागे धुण्याभांड्याची मोरीवजा खोली, जमिनीखाली थंड राहणारे कोठार, वर दोन किंवा तीन झोपण्याच्या खोल्या आणि मागे फरसबंद अंगण. त्या अंगणातच शौचकूप आणि कोळशाची जागा, आणि अंगणामागून जाणारी गल्ली. घरात नळाचे पाणी आणि दिव्यासाठी गॅस. आजच्या नजरेला यात अपूर्व असे काही दिसणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. प्रत्येक घराला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे मोकळी बाजू होती. पुढची खिडकी उघडली आणि मागचे दार उघडले की वारा आरपार खेळत असे. पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांवर इंग्लंडमध्ये कायद्याने बंदी आली ती १९०९ साली. सॉल्ट यांच्या मजुरांना आरपार वारा त्याच्या अर्धशतक आधी मिळाला. खोलीमागे एक अधिक खिडकी ही वरवर पाहता क्षुल्लक बाब. पण मूल क्षयाने जाते की जगते याचा निकाल त्या काळी बऱ्याच अंशी अशाच बाबींवर लागत असे.

ओळघरांच्या रचनेतील मुख्य दोष म्हणजे कंटाळवाणेपणा. एकच आकृती पन्नास वेळा गिरवली की रस्ता कवायतीच्या मैदानासारखा दिसू लागतो. सॉल्टेअरच्या वास्तुशिल्पींनी यावर जो उपाय योजला तो मोठा मासलेवाईक आहे. ओळीच्या टोकांना, आणि क्वचित मध्येही, त्यांनी थोडी पुढे आलेली, तीन मजली घरे ठेवली. त्यामुळे ओळीला आरंभ आणि शेवट लाभला, छपराच्या रेषेला चढउतार आला. ही मोठी घरे मात्र केवळ डोळ्यांच्या सुखासाठी नव्हती. काही घरांतून एकट्या कामगारांच्या राहण्याजेवणाची सोय होती. काहींतून खातेप्रमुख आणि मुकादम राहत. मुकादमांच्या घरांच्या दारांना आणि खिडक्यांना कमानी आहेत, काहींच्या पुढे इवलीशी बाग आहे. साध्या मजुराच्या दारावर सरळ, सपाट पाटी. गावाच्या पश्चिम कडेला, शेतांकडे तोंड करून असलेल्या आल्बर्ट रस्त्यावर सर्वांत प्रशस्त घरे आहेत. ती गिरणीतील वरिष्ठ अधिकारी, धर्मोपदेशक आणि शाळामास्तर यांच्यासाठी होती. मास्तरांची गणना व्यवस्थापकांच्या ओळीत होत असे हे वाचून आमच्या शिक्षक-वाचकांना क्षणभर बरे वाटेल. तात्पर्य, ज्या कमानीमुळे रस्त्याला शोभा आली, तीच कमान घरात राहणाऱ्याचा पगारही सांगत होती. गिरणीच्या हजेरीपटावरील उतरंड दगडात कोरून रस्त्यावर मांडली होती. सौंदर्य आणि दरारा या दोन्ही गोष्टी एकाच छिन्नीने घडवता येतात, हे इथे दिसते.

रस्त्यांची नावेही याच सुरात आहेत. राणी आणि तिचा पती यांचा मान राखून झाल्यावर पुढे मालकिणीचे, कॅरोलाइनचे नाव येते. मग ॲमेलिया, एडवर्ड, फॅनी, हर्बर्ट अशी मुलांची. सॉल्ट यांना अकरा अपत्ये होती, त्यामुळे नावांची ददात पडली नाही. दोन रस्ते वास्तुशिल्पींनाही मिळाले. कारखान्यातून घरी येताना मालकाच्या कन्येच्या नावाचा रस्ता ओलांडून मालकाच्या पुत्राच्या नावाच्या रस्त्यावर वळायचे, आणि रविवारी मालकाने बांधलेल्या चर्चमध्ये जायचे. चर्च १८५९ चे आणि अप्रतिम आहे. वृद्ध आणि अपंग कामगारांसाठी ४५ धर्मार्थ घरे होती. त्यांना भाडे नव्हते, उलट निर्वाहवेतन होते. दवाखाना होता, शाळा होती, उद्यान होते. १८७१ मध्ये उघडलेल्या संस्थेत ग्रंथालय, वाचनकक्ष, व्याख्यानगृह आणि व्यायामशाळा होती. शाळेतील बरीच मुले ‘अर्धवेळ’ होती, म्हणजे अर्धा दिवस धडे आणि अर्धा दिवस गिरणी. कायद्यानेच तशी मुभा दिली होती.

आणि काय नव्हते? दारूचा गुत्ता नव्हता. रस्त्यावर धुणे वाळत घालण्याला मालकांचा विरोध होता. त्यासाठी वाफेवर चालणारी यंत्रे असलेले सार्वजनिक धुणीघर आणि स्नानगृह बांधले होते. एका घरावरील उंच मनोऱ्यातून दोऱ्यांवर कपडे कोणी टाकले आहेत यावर पाळत ठेवली जाई, अशी आख्यायिका गावात सांगतात. तिच्यात तथ्य किती हे बाजूला ठेवले तरी तिथल्या लोकांना ती खरी वाटत आली, एवढेच बोलके आहे. ते धुणीघर फार काळ लोकप्रिय राहिले नाही. आपले मळके कपडे चारचौघींसमोर धुवायला कोणत्याही देशातील गृहिणीला आवडत नाही, हे सॉल्टसाहेबांच्या ध्यानी आले नसावे. गुत्त्याच्या बंदीचा सूड मात्र गावाने पुढे विनोदाने उगवला. गावात निघालेल्या एका मद्यगृहाचे नावच मुळी ‘टायटसला सांगू नका’ असे ठेवण्यात आले होते.

अशा माणसाविषयी मत बनवणे सोपे नाही. घर नोकरीशी जखडलेले होते. ज्याची नोकरी गेली त्याच्या डोक्यावरचे छप्परही जाण्याची भीती. मग मालकाशी भांडणार कोण? चांगल्या घरामुळे कामगार निरोगी राहतो, वेळेवर येतो, संपापासून दूर राहतो, हा हिशेब सॉल्ट यांच्या मनात नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. पण हिशेब ब्रॅडफर्डमधील इतर गिरणीमालकांनाही येत होताच, आणि त्यांनी पाठीला पाठ लावलेली घरेच बांधली किंवा काहीच बांधले नाही. मायबाप मालकशाहीचे सर्व दोष मान्य केले तरी एक उरतेच. मालकशाही गेली, गिरणी बंद पडली, सॉल्ट घराण्याचा गावाशी संबंध तुटला, आणि घरे मात्र अजून राहण्याजोगी आहेत. हेतूपेक्षा भिंत अधिक टिकाऊ ठरली.

गिरणीचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. सॉल्ट १८७६ मध्ये वारले. १८९० नंतरच्या मंदीत मालकी बदलली. १९३३ मध्ये सर्व घरे एका मालमत्ता कंपनीला विकली गेली आणि पुढे ती एकेक करून राहणाऱ्यांच्या मालकीची होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर यॉर्कशायरच्या लोकरगिरण्यांतील रात्रपाळ्या भारत आणि विशेषतः पाकिस्तानातून आलेल्या कामगारांनी चालवल्या. तरीही धंदा वाचला नाही. १९६५ मध्ये सॉल्टेअरचे रेल्वे स्थानक बंद झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये गिरणीची चाके थांबली. त्याच दशकात, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर, मुंबईच्या गिरण्यांनाही घरघर लागली होती हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. सॉल्टेअरची रिकामी गिरणी १९८७ मध्ये ब्रॅडफर्डच्याच जोनाथन सिल्व्हर या उद्योजकाने विकत घेतली आणि तिच्यात ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेला चित्रकार डेव्हिड हॉक्नी याच्या चित्रांचे दालन उघडले; हळूहळू दुकाने आणि कार्यालये आली. रेल्वे स्थानक त्याआधी, १९८४ मध्येच, पुन्हा सुरू झाले होते. डिसेंबर २००१ मध्ये युनेस्कोने सारे गाव जागतिक वारसा म्हणून घोषित केले.

हे सारे आपोआप घडले असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील सुशिक्षितांना व्हिक्टोरियन वास्तूंचा मनस्वी तिटकारा होता. काजळीने काळवंडलेल्या त्या इमारती त्यांना आजोबांच्या दांभिकपणाचे स्मारक वाटत. १९५८ मध्ये व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिची पुष्कळ टिंगल झाली. लंडनमधील यूस्टन स्थानकाची भव्य कमान १९६१ मध्ये पाडण्यास सुरुवात झाली आणि ती वाचवण्याची खटपट विफल ठरली. खुद्द ब्रॅडफर्डने १९६० नंतर आपले व्हिक्टोरियन अंतरंग इतक्या उत्साहाने पाडले की पुढच्या पिढीला त्याची हळहळ वाटत राहिली. कायद्याची चौकट १९४७ च्या नगररचना कायद्याने घातली होती. १९६७ मध्ये एकेका इमारतीऐवजी संपूर्ण परिसराचे जतन करण्याची तरतूद आली आणि १९६८ च्या कायद्याने सूचीतील इमारतीत फेरफार करण्यापूर्वी परवानगी घेणे सक्तीचे झाले. विनापरवाना फेरफार हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. सूचीत तीन श्रेणी आहेत. सॉल्टेअरचे चर्च पहिल्या श्रेणीत, गिरणी त्याखालच्या विशेष द्वितीय श्रेणीत आणि मजुरांच्या ओळी द्वितीय श्रेणीत. म्हणजे सूचीतही मुकादमी उतरंड उरलीच, असे एखादा खट्याळ माणूस म्हणेल.

संरक्षित घरात राहणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. खिडकीचेच पाहा. त्या काळची खिडकी ही बाहेर उघडणारी नसून वरखाली सरकणारी असते. लाकडी चौकटीच्या पोकळीत लोखंडाचे किंवा शिशाचे वजन दोरीला टांगलेले असते; काचेची झडप वर ढकलली की वजन खाली उतरते आणि झडप हवी तिथे स्थिर राहते. वरची झडप थोडी खाली आणि खालची थोडी वर केली की तापलेली हवा वरून बाहेर जाते आणि गार हवा खालून आत येते. योजना साधी आणि पंख्याची गरज न भासू देणारी. पण लाकूड कुजते, दोरी तुटते, फटीतून वारा शिरतो. सहज स्वस्तात मिळते ती दुहेरी काचेची प्लॅस्टिकची खिडकी. ती एका घराने बसवली तर एका घराचे फारसे बिघडत नाही, ओळीचे बिघडते. कारण ओळघराचे सौंदर्य हे सामाईक भिंतीसारखेच सामाईक असते. भिंतीचे तेच. वालुकाश्माचे सांधे मुळात चुन्याचे. चुना ओलावा घेतो आणि सोडतो. दुरुस्तीच्या नावाखाली सांध्यांत सिमेंट भरले की ओलावा कोंडतो आणि तो दगडाच्या अंगातून बाहेर पडू पाहतो. मग थंडीत गोठून दगडाचे पापुद्रे निघू लागतात. सिमेंट तसेच राहते, दगड झिजतो. चुन्याचे बांधकाम आपल्या वाड्यांतही होते आणि सिमेंटने त्यांचेही असेच नुकसान केले आहे. परंतु आपल्याकडे त्याची तक्रार नोंदवण्यासाठी वाडाच शिल्लक उरत नाही.

या नियमांचा भार कोण उचलतो? घरमालक. पर्यटक येतो, रस्त्याच्या रेखीवपणाची वाखाणणी करतो आणि निघून जातो. लाकडी खिडकीचे बिल येते ते आत राहणाऱ्या पेन्शनराला किंवा तरुण जोडप्याला. त्यात तिथल्या करपद्धतीने भर घातली आहे. नवे घर बांधल्यास मूल्यवर्धित कर शून्य. जुने घर दुरुस्त केल्यास सामान्यतः २० टक्के. सूचीतील घरांत परवानगी घेऊन केलेल्या फेरफारांना पूर्वी करमाफी होती, तीही २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. एका हाताने ‘हा ठेवा जपा’ म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने जपण्यावर कर बसवायचा, ही राज्यकर्त्यांची चाल काही आपल्याच देशाची मिरास नाही. मालक सॉल्टने दोरीवरच्या कपड्यांना हरकत घेतली. आजचा नियामक समोरच्या भिंतीवरील तबकडीला हरकत घेतो. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की आजच्या नियमाविरुद्ध दाद मागता येते आणि दाद मागितली म्हणून कोणाला घर सोडावे लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. सॉल्ट यांनी घरे बांधावयास घेतली त्याच १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत ताडदेव येथे कापसाच्या गिरणीची पायाभरणी केली. १८५६ मध्ये ती चालू झाली. दोन्ही नगरींचा आरंभ असा समकालीन आहे. परंतु मुंबईच्या गिरणीमालकांनी, थोडे अपवाद वगळता, कामगाराच्या घराची जबाबदारी स्वतःवर घेतली नाही. ती खाजगी चाळमालकांवर सोडून दिली. १८९६ च्या प्लेगने डोळे उघडल्यावर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, ज्याच्या आद्याक्षरांनी बीडीडी चाळी आजही ओळखल्या जातात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी बांधल्या गेल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि मोरी. ब्रॅडफर्डच्या पाठीला पाठ लावलेल्या घरांची ही काँक्रीटमधील चुलत भावंडेच; खोलीला एकीकडे खिडकी, दुसरीकडे बोळ.

म्हणूनच ‘इंग्लंड आपल्या मजुरांची घरे जतन करते आणि आपण पाडतो’ असा सरधोपट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. सॉल्टेअर टिकले याचे पहिले कारण कायदा नव्हे. ते मुळातच माणसाने राहावे असे होते. १९३३ मध्ये विकले गेले तेव्हा त्या घरांवर कोणतेही कायदेशीर छत्र नव्हते, तरी ती कोणी पाडली नाहीत, कारण न्हाणीघर आत घेतले, शौचकूपाची जागा बदलली की नव्या कुटुंबाचे भागत होते. ब्रॅडफर्डच्या जुन्या वस्त्यांतील पाठीला पाठ घरे पुढे मोठ्या प्रमाणावर पाडलीच गेली, आणि त्यांच्यासाठी फारसे कोणी रडले नाही. वरळीच्या चाळीतील १६० चौरस फुटांत ज्याच्या तीन पिढ्या वाढल्या त्याला ‘तुमचा बोळ ऐतिहासिक आहे, तो सोडू नका’ असे सांगण्याचा अधिकार तीन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या कोणालाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या आनंदात विरजण घालण्याची आमची इच्छा नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली १९९५ मध्ये आली, देशातील अशा प्रकारची ती पहिलीच. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना युनेस्कोची मान्यता मिळाली. उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई मनोरा यांचे जतन होते आहे, ते योग्यच आहे. परंतु ज्या गिरण्यांच्या उत्पन्नावर ते वैभव उभे राहिले त्यांतील माणसे कशी राहत होती याचा दगडविटांतील पुरावा आपण जवळजवळ पुसून टाकला आहे. गिरण्यांच्या जमिनी २००१ च्या नियमबदलानंतर आणि २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मनोऱ्यांखाली गेल्या. एखादे धुराडे तेवढे मागे उरले आहे, सभोवतालच्या दुकानांची शोभा म्हणून.

याच संदर्भात लंडनमधील एका ओळघराची हकीकत नमूद करण्याजोगी आहे. किंग हेन्रीज रस्त्यावरील दहा क्रमांकाच्या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आयुष्याची कितीतरी वर्षे काढलेला हा विद्यार्थी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना अशाच एका व्हिक्टोरियन ओळीत वास्तव्याला होता. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन स्मारक केले. स्थानिक कॅम्डन कौन्सिलने वस्तुसंग्रहालयासाठी परवानगी नाकारली. राहते घर हे राहते घरच असले पाहिजे, अशी तिची भूमिका होती. चौकशी झाली, उभय बाजूंचे म्हणणे ऐकले गेले आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्याने स्मारकाच्या बाजूने निर्णय दिला. निर्णय आपल्याला हवा तसा लागला म्हणून नव्हे, तर एका घराच्या वापराबद्दल एवढा सविस्तर ऊहापोह झाला म्हणून ही हकीकत महत्त्वाची वाटते. रस्त्यावरच्या ओळीत एक घर कमी झाले तर वस्तीचे काय नुकसान होते, आणि त्या बदल्यात समाजाला काय मिळते, असा तौलनिक विचार तिथे उघडपणे मांडला गेला.

तसा विचार बीडीडी चाळींच्या बाबतीत अजूनही करता येईल, कारण सर्व चाळी अद्याप गेलेल्या नाहीत. सगळ्या राखा असे कोणी म्हणत नाही. परंतु एक चाळ, निदान तिचा एक मजला, बोळासकट, मोरीसकट, खिडकीच्या आडव्या सळ्यांना बांधलेल्या दोऱ्यांसकट, जशीच्या तशी ठेवता येईल. उरलेल्यांचे मोजमाप घेऊन नकाशे काढता येतील. कोणत्या खोलीत कोकणातील कोणत्या गावाचे गाळे होते, खानावळ कोठे चाले, भजनाची बैठक कोणत्या मजल्यावर बसे, हे तिथे राहिलेल्यांकडून ते हयात आहेत तोवर लिहून घेता येईल. वास्तुशास्त्र महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला एका सत्रात हे काम करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी मंत्रिमंडळाच्या ठरावाची आवश्यकता नाही. खोल्या रिकाम्या झाल्यापासून इमारत पडेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, तेवढ्यात ते उरकायला हवे.